सरपणाची बेगमी: व्हर्माँटच्या थंडीत लाकडावर घर गरम ठेवायचं तर

गेल्या आठवड्यात एका मराठी जोडप्याचा फोन आला, न्यू जर्सीतून इकडे शिफ्ट होतायत, जुनं घर घेतलंय आणि हॉलमध्ये लाकडाचा स्टोव्ह आहे. "ताई, तो पेटवायचा कसा तेवढं सांगा ना." तेवढं सांगायला मला दीड तास लागला आणि फोन ठेवल्यावर आठवलं की राखेबद्दल बोललेच नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय, म्हणजे पुढच्या फोनला लिंक पाठवता येईल.

आम्ही राहतो व्हर्माँटच्या वरच्या कोपऱ्यात, सेंट जॉन्सबरीच्या उत्तरेला, या भागाला नॉर्थईस्ट किंगडम म्हणतात. राज्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे त्यामुळे लाकूड मुबलक, आणि जानेवारीत रात्री उणे पंचवीस सेल्सिअस झालं तर सकाळी दुकानात कोणी त्याचा विषयसुद्धा काढत नाही. हा आमचा लाकडावरचा नववा हिवाळा. पहिले दोन निव्वळ मूर्खपणात गेले, तो मूर्खपणा पण खाली आहेच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. लाकूड कोरडं पाहिजे. स्टोव्ह चार हजार डॉलरचा घ्या नाहीतर गराज सेलमधला घ्या, लाकूड ओलं असेल तर दोन्ही सारखेच रडवतात. मी साताऱ्याकडची, आमच्या वाड्यात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता, मधोमध नळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. पावसाळ्यात सरपण भिजलं की बंब नुसता धुमसायचा, पाणी कोमटच्या पुढे जायचं नाही आणि आजी फुंकणी घेऊन डोळे पुसत बसायची. म्हणून आगोट लागायच्या आत, मे महिन्यातच, सरपण भरून ठेवायची घाई असायची. इथलं शास्त्र पण तेच आहे हो, फक्त इथे बेगमी महिनाभर आधी करून भागत नाही, वर्षभर आधी करावी लागते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घर ताब्यात आलं की तीन फोन

त्याच आठवड्यात करा, ऑक्टोबरची वाट बघू नका.

पहिला फोन धुराडं साफ करणाऱ्याला. इथे त्याला चिमनी स्वीप म्हणतात, आमची लेक लहान असताना 'चिमणी साफ करायला काका येणारेत' म्हटल्यावर खिडकीत बसून चिमणीची वाट बघत होती ते असो. त्याला सांगायचं की घर नवीन घेतलंय, कॅमेरा घालून करतात ती लेव्हल टू तपासणी हवी आहे. विटांचं जुनं धुराडं असेल तर आतल्या मातीच्या टाइल्स तडकलेल्या असू शकतात, ते खालून टॉर्च मारून दिसत नाही. त्याच्याकडून या गोष्टी बघून घ्या:

धुराड्याची उंची. छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्यात १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येतो त्यापेक्षा किमान २ फूट उंच. उंची कमी पडली की धूर ओढलाच जात नाही, वारा आला की उलटा घरात येतो.

स्टोव्ह आणि भिंत यातलं अंतर. स्टोव्हच्या मागे पत्र्याची पट्टी असते त्यावर छापलेलं असतं, तेच अंतर प्रमाण माना. पट्टीच नसेल, म्हणजे फार जुना स्टोव्ह असेल, तर पेटू शकणाऱ्या कुठल्याही गोष्टीपासून ३६ इंच. यात भिंत आली, सोफा आला, पडदा आला आणि वाळत घातलेले कपडे पण आले (हे मी माझ्या सासूबाईंना दर भेटीत सांगते). साध्या एकपदरी पाइपला १८ इंच लागतात. दारासमोर फरशी किंवा दगड किमान १६ इंच पुढे यायला हवा, ठिणगी उडाली तर लाकडी जमिनीवर पडू नये म्हणून.

पाइपचे तुकडे कुठल्या दिशेने जोडलेत. हे आमच्या घरात चुकलेलं होतं. पाइपचं एक टोक चुण्या घालून निमुळतं केलेलं असतं, ते खालच्या बाजूला म्हणजे स्टोव्हकडे तोंड करून बसवायचं. आपल्याला वाटतं धूर वर जातो तर उलटं असायला हवं. पण आतून जो काळा चिकट रस ओघळतो तो आतल्या आत परत स्टोव्हमध्ये जायला हवा, आमच्याकडे तो सांध्यातून बाहेर येऊन पाइपवर वाळला होता आणि मी वर्षभर त्याला गंज समजत होते.

दुसरा फोन घराच्या विमावाल्यांना. लाकडाचा स्टोव्ह आहे हे सांगून टाका, फोटो मागतील, फॉर्म भरायला लावतील, कटकट आहे पण न सांगता काही झालं तर मग बघायलाच नको.

तिसरा फोन लाकूडवाल्याला, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

लाकूड: मोजायचं कसं, ओळखायचं कसं

आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळायचं. इथे वजनाचा काही संबंध नाही, इथे माप आहे कॉर्ड. ४ फूट उंच, ४ फूट खोल, ८ फूट लांब अशी नीट रचलेली रास, १२८ घनफूट. बहुतेक स्टोव्हला १६ इंचाचे तुकडे लागतात, म्हणजे तशा तीन रांगा एकामागे एक लावल्या की एक कॉर्ड होतं. 'फेस कॉर्ड' नावाचं अजून एक प्रकरण आहे, ती यातली फक्त एकच रांग, म्हणजे कॉर्डचा तिसरा हिस्सा. जाहिरातीत भाव एकदम स्वस्त दिसला की आधी विचारा कुठलं कॉर्ड म्हणून. ट्रकमधून ओतलेल्या ढिगाकडे बघून काहीही कळत नाही, रचल्यावरच मापा, आणि टेप लावून मापायला लाजू नका, इथले लोक पण मापतात.

किती लागतं? आमचं घर साधारण १५०० स्क्वेअर फूट, जुनं, खिडक्या बदललेल्या, आम्हाला पाच कॉर्ड लागतात. तुमचं नवीन आणि इन्सुलेशन चांगलं असेल तर तीनात भागेल. घर गरम करायच्या तेलाच्या हिशोबात सांगायचं तर एक कॉर्ड चांगलं कडक लाकूड म्हणजे ढोबळ मानाने १४० गॅलन हीटिंग ऑइल. तेलवाल्याचा भाव आणि लाकूडवाल्याचा भाव शेजारी शेजारी मांडून स्वतःच गणित करा, दरवर्षी उत्तर वेगळं येतं.

जात बघा. शुगर मेपल, बीच, यलो बर्च, ॲश, ओक ही इथली कडक लाकडं. शुगर मेपलच्या एका कॉर्डमध्ये साधारण २४० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते, व्हाइट पाइनमध्ये १५० लाखाच्या आसपास. किलोला किलो सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात, पाइन फक्त हलकं आहे, त्यामुळे त्याच ढिगात कमी भरतं. पाइन जाळलं की धुराडं भरतं असं इथेही बरेच जण छातीठोक सांगतात, पण वाळलेलं पाइन खुशाल जाळा, भरतं ते ओल्या लाकडाने, जात कुठलीही असो. माझी पसंती ॲशला. सरळ फुटतं, लवकर वाळतं, हाताला काटे कमी. दुर्दैवाने ॲशची झाडं झपाट्याने मरतायत, एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगा आहे, तो २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये व्हर्माँटमध्ये पोचला. त्याला लांबचा प्रवास कोणी घडवला तर सरपणाने, माणसं गाडीत टाकून लाकडं घेऊन फिरतात त्याने. त्यामुळे दुसऱ्या राज्यातून येताना डिकीत लाकडं आणू नका, इथे त्याला बंदी आहे, उष्णता देऊन पॅक केलेलं आणि तसा शिक्का असलेलं लाकूड सोडून. जिथे जाळायचं तिथलंच घ्यायचं.

आता ओलं-कोरडं. आमच्या पहिल्या सप्टेंबरमध्ये एकाकडून 'सीझन्ड' म्हणजे वाळलेलं म्हणून पाच कॉर्ड घेतलं, पैसे पण वाळलेल्याचेच दिले. टोकं राखाडी पडलेली, बारीक चिरा गेलेल्या, वरून सगळं बरोबर वाटत होतं. नोव्हेंबरात पेटवलं तर स्टोव्हमधून फोडणी दिल्यासारखा चर्र आवाज, लाकडाच्या टोकाला साबणासारखा फेस, काच दुसऱ्या दिवशी कोळशासारखी काळी आणि खोलीत १४ डिग्री. नवरा म्हणे स्टोव्ह खराब आहे, मी म्हणे तुला पेटवता येत नाही. शेवटी शेजारचे आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे असतील, त्यांनी एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटला, 'थप्प' असा आवाज आला आणि ते नुसतेच हसले. वाळलेल्या लाकडाचा आवाज टणक येतो, क्रिकेटच्या बॅटीला बॉल लागल्यासारखा.

आवाजावर विश्वास नसेल तर मॉइश्चर मीटर आणा, वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, दोन सुया असलेला. पण टोकाला टोचू नका, टोक नेहमी वाळलेलंच असतं. तुकडा कुऱ्हाडीने नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मधोमध टोचा. वीस टक्क्यांच्या खाली आलं तर जाळायला तयार. आमचं ३४ निघालं होतं.

नुकत्याच पाडलेल्या मेपलचं चाळीसेक टक्के वजन नुसतं पाण्याचं असतं. दहा किलो लाकूड आत टाकलं तर चार तांबे पाणी तुम्ही विस्तवावर ओतलंत. ते उकळून वाफ करून आभाळात सोडण्यात स्टोव्हची ताकद जाते, उरलीसुरली ऊब तुम्हाला. वर धूर थंड पडतो, आणि थंड धूर धुराड्याच्या भिंतीवर बसतो, तेच ते क्रिओसोट, आधी काजळी, मग डांबरासारखं, मग काचेसारखं चकचकीत. ते पेटलं की धुराड्यात हजार डिग्रीच्या वर आग जाते.

मेपल, बर्च, ॲश फोडून रचलं तर वाळायला एक अख्खा उन्हाळा तरी लागतो, दीड वर्ष दिलं तर उत्तम. ओकला दोन उन्हाळे, त्यात घासाघीस नाही. न फोडलेला ओंडका मात्र वर्षानुवर्षं आतून ओलाच राहतो, आणि पांढऱ्या बर्चची साल तर प्लास्टिकसारखी आहे, आतल्या आत लाकूड कुजतं पण पाणी बाहेर सोडत नाही.

म्हणजे काय, तर पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या वर्षीच्या मार्चमध्ये सांगून ठेवायचं. फक्त मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत इथे मड सीझन असतो, बर्फ वितळून कच्चे रस्ते म्हणजे नुसता चिखल, जड ट्रकना बंदी असते, त्यामुळे एकतर बर्फ कडक असतानाच उतरवून घ्या नाहीतर मेच्या मध्यावर. आणि ज्यांनी आत्ता ऑगस्टमध्ये घर घेतलंय आणि काहीच साठा नाही त्यांनी काय करायचं? भट्टीत वाळवलेलं, किल्न ड्राय लाकूड घ्या, महाग पडतं. किंवा भुसा दाबून केलेल्या विटा मिळतात त्या अर्ध्या आणि जरा दमट लाकूड अर्धं असं मिक्स करून पहिलं वर्ष काढा. पहिलं वर्ष सगळ्यांचंच महाग जातं.

फोडणं आणि रचणं

फोडलेलं लाकूड विकत घेतलं तर हा भाग सोडून द्या. आम्ही दोन कॉर्ड विकत घेतो आणि बाकीचं ओंडक्याच्या रूपात घेऊन स्वतः फोडतो, पैसे वाचतात आणि नवऱ्याला जिमला जावं लागत नाही. साधी कुऱ्हाड नको, ती रुतून बसते. मॉल म्हणून मिळतो, एका बाजूला पाचरीसारखं जाड पातं आणि दुसरीकडे घण, सहा किंवा आठ पौंडाचा, मला सहाचा पुरतो. गुडघ्याएवढा उंच, रुंद ओंडका खाली ठेवायचा आणि त्याच्यावर गाडीचा जुना टायर स्क्रूने बसवायचा. फोडायचे तुकडे टायरच्या आत उभे करायचे, मग मारला की ढलप्या चारी दिशांना उडत नाहीत आणि दर घावाला वाकावं लागत नाही. शेजारच्या आजोबांची आयडिया, माझी कंबर त्यांना दुवा देते. घाव मधोमध नको, कडेच्या बाजूला, जिथे आधीच चीर दिसते तिथे. गोठलेलं लाकूड जास्त छान फुटतं, उणे दहामध्ये मेपल काचेसारखं तडकतं. गाठ असलेला तुकडा आणि एल्म हे दोन्ही सोडून द्या, एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, जन्म गेला तरी फुटत नाही.

चेनसॉ मात्र व्हिडिओ बघून शिकू नका. इथे 'गेम ऑफ लॉगिंग' नावाचे कोर्सेस असतात, नाव खेळाचं आहे पण शिकवतात गंभीरपणे, तो करा, पायांना चॅप्स (चेनसॉपासून पाय वाचवणारं जाड आवरण) आणि डोक्याला हेल्मेट घाला, मगच हात लावा.

रचताना जमिनीला लाकूड टेकवू नका, खाली पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) टाका, दुकानांच्या मागे फुकट मिळतात. जागा उन्हाची आणि वाऱ्याची. घराच्या भिंतीला चिकटवून नको, वारा लागत नाही आणि किडेमुंग्या थेट घरात येतात. दोन्ही टोकांना आडवे-उभे थर देत चौकोनी खांब करा म्हणजे रास ढासळत नाही. ताडपत्री फक्त डोक्यावर, पावसापुरती, बाजू उघड्या. आम्ही पहिल्या वर्षी प्रेमाने निळ्या ताडपत्रीत पार जमिनीपर्यंत गुंडाळून ठेवलं होतं, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं, आणि वसंतात उघडलं तर आत अळंबी.

नवीन स्टोव्ह घ्यायचा असेल तर

हे थोडक्यात. अमेरिकेत ईपीएचे, म्हणजे सरकारी पर्यावरण खात्याचे, नियम १९८८ पासून आहेत आणि २०२० मध्ये आणखी कडक झाले, आता विकला जाणारा नवीन स्टोव्ह तासाला दोन-अडीच ग्रॅमच्या वर धूर-कण सोडू शकत नाही. ऐंशीच्या आधीचे जुने लोखंडी धूड दिसायला फार देखणे असतात पण लाकूड खातात आणि धूर ओकतात. नवीनमध्ये दोन प्रकार. एकात वरच्या बाजूने गरम हवेचे झोत येतात आणि धूरच पेटतो, काचेतून बघितलं तर गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा हवेत तरंगताना दिसतात. दुसऱ्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर पॅलॅडियम-प्लॅटिनमचा थर असतो, ती कमी तापमानाला पण धूर जाळते, म्हणून स्टोव्ह रात्रभर मंद चालू राहतो, पण काही वर्षांनी ती जाळी बदलायचा खर्च आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना दुसरा बरा, घरून काम करणाऱ्यांना पहिला.

आणि मोठा घेऊ नका! 'असू दे एक साइज मोठा' ही आपली शाळेच्या युनिफॉर्मची सवय इथे चालत नाही. मोठा स्टोव्ह खोली भट्टी करतो, मग आपण हवा बंद करून तो दाबत बसतो आणि दाबलेला स्टोव्ह धुमसून धुराडं भरतो.

पेटवणं

आधी घराची हवा बघा. आमच्याकडे पहिल्या थंडीत रविवारी सकाळी स्टोव्ह पेटवला, आणि त्याच वेळी मी मिसळीची फोडणी टाकली म्हणून वरचा एक्झॉस्ट फुल स्पीडला लावला. पाचव्या मिनिटाला स्टोव्हच्या दारातून धूर खोलीत, तिन्ही अलार्म एकदम बोंबलायला लागले, लेक अंगणात, कुत्रा सोफ्याखाली. झालं असं की घर नव्या खिडक्यांनी घट्ट बंद, एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतोय, तर बदली हवा येणार कुठून, सगळ्यात मोठं भोक धुराड्याचं, तिथून. आता आम्ही पेटवताना एक्झॉस्ट आणि ड्रायर बंद ठेवतो आणि शेजारची खिडकी बोटभर उघडतो.

धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर त्यात थंड हवेचा खांब बसलेला असतो. काडी पेटवून दाराशी धरा, ज्योत आत ओढली गेली तर ठीक, तुमच्याकडे वाकली तर आधी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून पाइपच्या तोंडाशी धरा, मिनिटभरात ओढ लागते.

मग रचना. आपण चूल पेटवतो ती खालून, इथे उलटं करून बघा. तळाशी दोन-तीन जाड तुकडे, मध्ये थोडी हवा जायला जागा. त्यावर आडवे मनगटाएवढे चार-पाच. त्यावर अंगठ्याएवढ्या ढलप्यांची जाळी, आणि सगळ्यात वर कागदाचे तीन-चार पीळ, साधा वर्तमानपत्राचा कागद, चकचकीत मासिकाचा नको. वर बर्चच्या सालीचा तुकडा मिळाला तर बहार, पावसात पण पेटते ती. हवेची कळ (स्टोव्हमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारी) पूर्ण उघडी, कागद शिलगवा, दार बोटभर उघडं ठेवून पाच मिनिटं तिथेच बसा, उठून चहा टाकायला जाऊ नका. आग वरून खाली उतरत जाते, धूर ज्वाळेतूनच वर जातो म्हणून जळून जातो आणि मध्ये सगळं कोसळून विझायची भानगड नाही. पहिल्यांदा मला पटलंच नव्हतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, कसली गं ही उफराटी चूल.

पाइपवर लोहचुंबकाचा थर्मामीटर चिकटवा, स्टोव्हच्या वर साधारण दीड फुटावर. एकपदरी पाइपवर २५० ते ४७५ फॅरनहाइट ही बरी रेंज, म्हणजे १२० ते २४५ सेल्सिअस. त्याखाली सतत राहिलं तर क्रिओसोट साचतंय, वर गेलं तर हवा कमी करा. लाकडं चांगली धरली, पंधरा-वीस मिनिटं झाली की हवा एकदम नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायची. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघा, थोडी पांढरी वाफ किंवा काहीच नाही म्हणजे जमलं, निळसर-करडा धूर लोळतोय म्हणजे पैसे उडून चाललेत आणि शेजाऱ्यांच्या नाकात पण जातायत. कोणाच्या घरात दमा असेल तर त्यांना तो फार त्रास देतो.

दार उघडताना आधी हवा मोकळी करा, दार इंचभर उघडून दहा सेकंद थांबा, मग पूर्ण. झटक्यात उघडलं तर ज्वाळ तोंडावर येते, माझी एक भुवई त्यात गेलीये.

रात्रीचं सगळ्यांना हवं असतं, सकाळपर्यंत विस्तव कसा टिकवायचा. निखारे दाराच्या बाजूला ओढून घ्या, मागे जाड मेपल किंवा बीच घट्ट रचा, वीस मिनिटं चांगलं भडकू द्या, कडा काळ्या झाल्या की मग हवा कमी करा. लाकडं टाकून लगेच कळ बंद करून झोपायला जाणं हा इथला सगळ्यात कॉमन गुन्हा आहे. सकाळी सहाला राखेखाली निखारे लाल असतात, दोन ढलप्या टाकल्या की चालू, काडीपेटी लागत नाही.

काय जाळायचं नाही: रंग दिलेलं, प्लायवूड, प्लास्टिक, कचरा, आणि अंगणातल्या जुन्या डेकचं (लाकडी ओट्याचं) हिरवट लाकूड तर अजिबात नाही, २००४ च्या आधीच्या त्या लाकडात आर्सेनिक असतं.

त्याच्याबरोबर राहणं

स्टोव्ह असलेली खोली २५ डिग्री आणि टोकाची बेडरूम १३, हे होणार. आपण पंखा लावून गरम हवा तिकडे ढकलायला जातो, त्याचा उपयोग कमी. थंड खोलीत जमिनीवर छोटा पंखा ठेवा आणि थंड हवा स्टोव्हकडे ढकला, गरम हवा वरून आपोआप तिची जागा घ्यायला जाते. फरक दोन-तीन डिग्रीचा पडतो.

तेलाचा बॉयलर, म्हणजे पाइपांतून गरम पाणी फिरवून घर गरम करणारा, असेल तर तो पूर्ण बंद करू नका. थर्मोस्टॅट स्टोव्हच्या खोलीत असतो, त्याला वाटतं घर गरम आहे, आणि तळघरातल्या पाइपमध्ये पाणी हलतच नाही, गोठून पाइप फुटतो. कडक थंडीच्या रात्री आम्ही बॉयलर मुद्दाम दोन वेळा चालवतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, बॅटरीचा, झोपायच्या खोल्यांजवळ. त्या वायूला वास नसतो. धुराड्याला आग लागली तर आगगाडी घरावरून गेल्यासारखा आवाज येतो, अशा वेळी दार आणि हवेची कळ बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, ९११ ला फोन करा. पाणी ओतू नका. मुळात ती वेळ येऊ नये म्हणून धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचंच, आणि पहिल्या वर्षी जानेवारीत मध्येच एकदा बघून घ्या.

एवढा व्याप का करायचा असं वाटत असेल तर वीज जाऊन बघू दे एकदा. १९९८ च्या जानेवारीत या पट्ट्यात आइस स्टॉर्म आलं होतं, क्विबेकपासून मेनपर्यंत तारा आणि झाडं बर्फाच्या ओझ्याने कोसळली, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही तर तेलाचा बॉयलर पण चालत नाही, हे लोकांना तेव्हा कळतं. आमची दरवर्षी दोन-तीनदा जाते, आणि मग स्टोव्हवर पिठलं-भात होतो. एरवीही त्याचा फायदा आहे, इथल्या थंडीत इडलीचं पीठ काही केल्या फुगत नाही, स्टोव्हपासून पाच-सहा फुटांवर स्टुलावर पातेलं ठेवलं की सकाळी झाकण वर उचललेलं असतं. दही पण तिथेच. निखाऱ्यांवरच्या वांग्याच्या भरिताची चव ओव्हनला येत नाही ती नाहीच.

राख

फोनवर राहिलेलं हेच. रोज सगळी काढायची नाही, इंचभर थर तळाशी राहू द्या, निखारे त्यात टिकतात. बाकीची लोखंडी झाकणाच्या बादलीत, आणि बादली लगेच घराबाहेर, लाकडी डेकवर नाही, दगडावर किंवा मोकळ्या बर्फावर. कागदी पिशवी, पुठ्ठ्याचा खोका, प्लास्टिकची कचऱ्याची बादली, व्हॅक्यूम क्लीनर, यातलं काहीही नाही. राखेत पुरलेला निखारा तीन-चार दिवस जिवंत राहतो, वरून हात लावला तर गार लागते. आम्ही बादली आठवडाभर तशीच ठेवतो आणि मग बागेत लसणीच्या वाफ्यावर पातळ पसरतो, ती चुन्यासारखं काम करते. ब्लूबेरीला घालू नका, तिला आंबट माती लागते, माझी दोन झुडपं त्यातच गेली.

आणि स्टोव्हची काच काळी झाली तर महागड्या क्लीनरच्या नादी लागू नका. पूर्ण गार झाल्यावर वर्तमानपत्राचा बोळा ओला करून चाळलेल्या बारीक राखेत बुडवायचा आणि गोल गोल घासायचं, मग कोरड्या कागदाने पुसायचं. राखेत खडा किंवा कोळसा राहिला तर ओरखडा जातो, तेवढं बोटाने चिमटीत घेऊन आधी बघा.